रिकामा सोडलेला रकाना

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी नरोलीतल्या आमच्या कारखान्याच्या फाटकात बेस ऑइलचा, म्हणजे वंगण बनवायच्या मूळ तेलाचा, टँकर तीन तास अडकून राहिला. तो मी अडकवला.

तिथल्या प्रयोगशाळेत मी नऊ वर्षं केमिस्ट होतो. आमचे इनचार्ज निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची माझी, असं मी धरून चाललो होतो. मग धुळ्याची एक मुलगी आली. नोकरीला दोन वर्षं, सामरवरणीत भाड्याची खोली. मॅनेजर माझे रिपोर्ट तपासायचे. तिच्या रिपोर्टवर नुसती सही करायचे. हे मी रोज पाहत होतो. एकदा ऑपरेटर हसत म्हणाला, "भाऊ, खुर्ची पुसून ठेवा. मॅडमना बसायचंय."

त्या दुपारी टँकरचा नमुना तिने काढला. काचेच्या जारमध्ये ओतून घनता मोजायचा हायड्रोमीटर सोडला, थर्मामीटर लावला. उन्हात उभ्या टँकरचं तेल एक्केचाळीस अंशांवर होतं. तेल तापलं की फुगतं. वजन तेवढंच राहतं, जागा जास्त लागते, म्हणून घनता कमी भरते. यासाठी आकड्याशेजारी तापमान लिहायचं आणि तक्त्यावरून पंधरा अंशांची घनता काढायची. तिने तसं केलं आणि टँकर पास केला.

ती जेवायला गेली. तोच जार मी एसीखाली ठेवला. अर्ध्या तासाने मोजलं तर घनता वाढली होती. ती वाढणार हे मला माहीत होतं. रजिस्टरमध्ये तिच्या ओळीखाली माझा आकडा लिहिला आणि तापमानाचा रकाना रिकामा सोडला. विसरलो नव्हतो. मॅनेजर सिल्वासाला गेले होते. त्यांना फोन केला, "सर, मॅडमचं रीडिंग चुकलंय."

"गाडी थांबवा. मी येतो."

ड्रायव्हर टँकरच्या सावलीत बसला होता. म्हणाला, "तेल तो वही है साहब, धूप में पतला मैं हो रहा हूँ."

मॅनेजर आले. तिने रजिस्टर पाहिलं.

"दादा, तापमान?"

"जार तोच आहे. तेल बदललं का?"

"तेल नाही बदललं. गार झालंय."

तिने कँटीनमधून गरम पाणी आणवलं आणि जार बादलीत उभा केला. पारा एक्केचाळीसवर आला तेव्हा हायड्रोमीटर सोडला. तो बुडत बुडत तिच्या आकड्यावर थांबला. मॅनेजरांनी स्वतः वाकून वाचलं. मग कुणी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "घाईत लिहायचं राहिलं असेल दादांचं."

मी हो म्हणालो. तिचा इतका राग मला त्याआधी कधीच आला नव्हता.

टँकर पाच वाजता आत घेतला. एक जूनपासून रजिस्टरमध्ये इनचार्जच्या जागी तिची सही आहे. त्या मंगळवारच्या पानावर माझ्या ओळीतला तापमानाचा रकाना रिकामा आहे.