मिसळणाच्या डब्यातला भुंगा

आमच्या धाकल्या भावजींवानी आवाजाच्या पाठी लागलेला माणूस सेनगाव, औंढा, कळमनुरी या तिन्ही तालुक्यांत झाला न्हाई. न्हाई झाला तेच बराबर, दुसरा झाला असता तर तिकडल्याबी म्हशी आटल्या असत्या. आमची आटली व्हती. भावजी म्हंजी माझ्या मालकाचे धाकले भाऊ. मालक गेले तवा माझी छबू तीन वर्साची व्हती. घरात मी, छबू आन् हे भावजी. मी लोकाच्या रानात कापूस येचाया, निंदाया जायला लागले, आन् भावजी नांदेडाहून गिटार घिऊन आले. मी रडले न्हाई. दोन्ही येळंला न्हाई. रडून कामाचा खाडा व्हतो.

ती गिटारबी कुठल्याशा मोडलेल्या ऑर्केस्ट्राची, चार तारांची. आमच्या साखऱ्यात लोक म्हनायचे, "सहाच्या चार राहिल्या म्हणून भेटली असंल." भावजी समजून सांगायचे की ही बेस गिटार हाय, हिला चारच तारा असतात, हिचा आवाज कानाला न्हाई, छातीला कळतो. लोक छातीला हात लावून उभे राहायचे आन् म्हनायचे, "न्हाई कळला ब्वा." जवळा बाजारच्या एका लग्नाच्या पार्टीत ते वाजवायचे. पार्टीत सगळ्यांत जड वाद्य त्यांचं आन् सगळ्यांत कमी ऐकू येणारंबी त्यांचंच. घरी आले तरी गप बसणं न्हाई. हापशाचा दांडा खालीवर करून कान लावायचे. तव्यावर उलथनं मारून डोळे मिटायचे. पाव्हण्याला शिंक आली तर इचारायचे, "पुन्हा एकदा यील का?" मी जात्यावर बसले की म्हनायचे, "वैनी, थांबा. आता हळू फिरवा. हां, हाच! हा आवाज गिटारीतून आला पायजे." मी म्हनायची, "आवाज तुमी घ्या भावजी, पीठ मला ठिवा."

असं करता करता पंधरा-सोळा वर्सं गेली, छबू मोठी झाली. मंग लग्नात त्या बिजलीच्या पेट्या आल्या, पोरं कीबोर्ड म्हनतात ते. एका बोटानं सनई, एका बोटानं बासरी, एका बोटानं ढोल. पार्टीवाल्यानं भावजींना सांगितलं, "तुमचा बेस त्या पेटीत डाव्या हाताला हाय. आपण पेटी घेऊस्तवर वाजवा, मंग बघू." दुसरा असता तर गुमान रानात गेला असता. भावजी घरी येऊन म्हनले, "वैनी, पेटीत माझी गिटार हाय म्हनतो ना तो? मी गिटारीत त्याची पेटी घालून दावतो."

पेटी घेणं आमच्यात बसणारं न्हवतं. पण गिटार आन् स्पीकर यांच्या मधात डब्या जोडल्या की आवाज पालटतो, हे हिंगोलीतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं त्यांच्या डोक्यात घातलं. दोन डब्या त्यांनी कुणाच्या तरी वापरलेल्या आणल्या. एक सुराला जोड देणारी. तिला एक सूर दिला की त्याच्या खालून दुसरा जाड सूर चालायचा, जुळ्या भावावानी. दुसरी डबी तोंड उघडायची आन् मिटायची. तार जोरात मारली की 'व्वाव', हळू मारली की 'उं'. तिसरी, खरखर आणणारी, रेडिओवाल्यानं सोता बनवून दिली, साबणाच्या डबीत. ती जोडली आन् गिटारीतून एक बाई बोलाया लागली, सोयाबीनवरच्या अळीला कोणता फवारा मारायचा ते. प्लॅस्टिकातून रेडिओ आत घुसून राहिला, ष्टीलचा डबा पायजे, असं निदान झालं. दुसऱ्या दिशी माझा मिसळणाचा डबा गायब. हळद, मिरची, जिरं चुलीपाशी कागदावर मांडलेलं, आन् डबा भोकं पाडून गिटारीला जोडलेला. त्याला बटण दाराच्या घंटीचं. दाबून धरलं तवर खरखर, सोडलं की बंद. उन्हात डबा तापला की गिटारीला जिऱ्याचा वास सुटायचा.

आता आवाज जमला का न्हाई ते सांगणारं कोणीतरी पायजे. पार्टीतले हसायचे, मंग राहिले मी. मी ज्वारी निवडत बसायची, ते वाजवायचे आन् इचारायचे, "कसा वाटतो, वैनी?" मला त्यातलं काय कळतं? वाटंल ते सांगायची. "डब्यात भुंगा शिरला." "रेडकू हंबरून राहिलं." "गिरणीचा पट्टा घसरला." ते लगेच वहीत नाव लिहायचे आन् डबीवरची कोणती चकरी कुठं फिरवली व्हती त्याची खूण करायचे. एका आवाजाला मी 'सासू दारात' म्हनले व्हते. तो कसा व्हता ते सांगत न्हाई. चार महिने डब्या मागंपुढं झाल्या. तोंडाची डबी आधी आन् भुंगा, म्हंजी खरखरीचा डबा, मागून जोडला तर भुंगा सगळं तोंडच खाऊन टाकायचा. शेवटाला बसलं ते असं: आधी जुळा, मंग भुंगा, सगळ्यात मागं तोंड. आन् एका टायमाला एकच तार. दोन तारा संगं वाजल्या की जुळा गडबडायचा, दोन जावांनी एका दमात गाऱ्हाणं सांगावं तसा. एक दिवस बारीक तारेवर, दांडीच्या पार बुडाशी बोटं नेऊन त्यांनी वाजवलं आन् खोटं कशाला बोलू, पेटीच! मी ज्वारीतून मान वर केली. "हा कोणता, वैनी?" मी म्हनले, "हा कशावानीच न्हाई." त्यांनी वहीत तेच लिहिलं.

मंग खंडेनवमी आली आन् घोळ मी केला. त्या दिशी हत्यारं पूजतात. मी इळा, खुरपं, कुऱ्हाड ओळीनं मांडलं, आन् भावजींचं पोट ज्याच्यावर ते म्हणून त्या तिन्ही डब्याबी मांडल्या. छबूच्या हातानं हळदकुकू लावलं, झेंडू वाह्यला. सांजच्याला भावजी आले, डब्या जोडल्या, पाय उचलला, आन् तो उचललेलाच राहिला. हात गिटारीवर गुतलेले असतात, त्या डब्या दाबायच्या पायानंच.

"वैनी, पूजा कोणी केली?"

"छबूनं. काहून?"

"आता पाय कसा ठिऊ?"

देवळातल्या महाराजांना जाऊन इचारलं, पाय धुऊन ठिवला तर चालंल का. महाराज म्हनले, "पायपोसाला कसलाबी पाय चालतो, वाद्याला कसलाच न्हाई. तुझ्या डब्या वाद्य हायेत का पायपोस, ते तूच ठरव." भावजींनी ठरवलं, वाद्य. इतके दिस कोणी त्यांना वाद्य म्हनलं न्हवतं, त्यांना तर आनंदच झाला. पण दाबायचं कशानं? कोपरानं दाबून बघितलं तर गिटार भितीला धडकली. हनुवटीनं दाबून बघितलं तर पार्टीवाला म्हनला, "हे वाजवून राहिले का म्हशीसंगं पाणी पिऊन राहिले?"

अशात छबूचं जमलं. डोंगरकड्याचं स्थळ, पोरगं शांत, कामाला वाघ, छबूलाबी पसंत. इवाई म्हंजी पोराचे वडील मोठे मानाचे. म्हनले, "आमाला देणं न्हाई, घेणं न्हाई. फकत परण्याला पेटीवाली पार्टी पायजे. थोरल्याच्या परण्याला पेटी व्हती. धाकल्याला नसली तर भावकीत तोंड कुठं दावावं?" परण्या म्हंजी लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीला जातो तो. एवढंच मागणं. पण दाट तिथ निघाली, आन् अख्ख्या जिल्ह्यानं त्याच दिशी लग्न काढलेलं. भावजी हिंगोली, वसमत, कळमनुरी फिरून आले. जिथं पेटी तिथली सुपारी आधीच गेलेली. इवायांचा निरोप आला, पेटी नसंल तर पुढच्या वर्सी बघू. पुढच्या वर्सी म्हंजी कधीच न्हाई, हे मला कळत व्हतं. बिनबापाच्या पोरीचं मोडलेलं जुळवाया कोण बसलं व्हतं?

भावजी म्हनले, "पेटी हाय म्हणून कळवा."

"कुठं हाय?"

"तुमी दाबली तर हाय. हात तर देवालाबी लावतात. डब्या पाटावर मांडू, तुमी मागं बसून दाबा. कोणता आवाज कवा ते तुमच्याइतकं कोणाला ठाव?"

"पोरीच्या लग्नात आईला काय काम नसतं का, भावजी?" असं म्हनले खरं, मंग कामं मोजून बघितली. काय काम व्हतं मला? हळदीला मी लांब, अक्षदाच्या येळंला लांब, कन्यादानाला चुलत दीर-जाऊ बसणार. त्या मांडवात माझ्या नावाचं एकबी काम न्हवतं.

लग्नाच्या दिशी ट्रालीत जनरेटर, स्पीकर, ढोलवाला, म्होरं भावजी, आन् मागं माझंच जुनं लुगडं पडदा म्हणून बांधलेलं. पडद्याचे दोन उपयोग, पेटी न्हाई ते दिसू नये आन् मी हाय ते दिसू नये. इधवा बाई नवरदेवाच्या म्होरं येऊ नये म्हणून डोंगरकड्याच्या बाया सकाळपासून मला हुडकून राहिल्या व्हत्या. नवरदेव निघाला, त्याच्या म्होरं ट्राली, ट्रालीत मी. भावजी पाठमोरे वाजवायचे आन् न वळता सांगायचे, "वैनी, भुंगा. धरा. धरा. सोडा. आता तोंड." बोटं दुखली, पण कापूस येचल्यावर काय दुखत न्हाई का? लुगड्याला एक फाटकं व्हतं, त्यातून मी बघितलं. डोंगरकड्याची भावकी घामाघूम नाचून राहिली व्हती. इवायांचा फेटा सुटून गळ्यात आलेला. वरडून राहिले, "ह्याला म्हनतात पेटी! थोरल्याच्या टायमाला असला सूर न्हवता!"

मारुतीपाशी आलो आन् इवायांना उमाळा आला. पेटीवाल्याचा मान करायचा म्हणून नारळ घिऊन ते ट्रालीत चढले. भावजी म्हनले, "मालक, वाजवणं चालू हाय, मंग भेटा." पण मानाचा माणूस थांबतो व्हय? त्यांनी पडदा वर केला. आत पेटी न्हाई. आत त्यांची इहीण, मांडी घालून, एक हात मिसळणाच्या डब्यावर.

"इहीणबाई, तुमी?"

भावजी न वळता हळूच म्हनले, "वैनी, सोडू नका." सोडलं असतं तर आवाज तिथंच मेला असता, आन् त्याच्या मागं लग्न. मी दाबूनच धरलं आन् इवायांकडं बघत राहिले. मागून त्यांची भावकी वरडली, "कशी हाय हो पेटी?" इवायांनी एकडाव माझ्याकडं बघितलं, एकडाव नाचणाऱ्या भावकीकडं. न्हाई म्हनले असते तर तोंड त्यांचंच काळं व्हतं. त्यांनी खाकरून सांगितलं, "लई मोठी हाय! मावंना गेली!" हातात नारळ तसाच. तो ठिवाया दुसरी जागा न्हवती, त्यांनी तो माझ्या वटीत ठिवला आन् पडदा सोडला. मालक गेल्यापासून माझ्या वटीत कोणी काही घातलं न्हवतं. अक्षदा पडस्तवर तो नारळ मी तसाच मांडीवर धरून बसले.

छबूचं लग्न लागलं, ती चांगली नांदली. पण त्या परण्याची बोलवा अशी झाली, की पुढल्या सीझनला जो तो पेटीच मागाया लागला. मंग पार्टीवाल्यानं खरी पेटी घेतली आन् भावजींना घरी बसवलं. गिटारीनं पेटी इतकी बराबर वाजवली, की गिटार कोणाला पायजेच न्हाई झाली. मी म्हनले, "भावजी, माझ्या लेकीपायी तुमचं नुकसान झालं." ते म्हनले, "काहून? आवाज तर निघाला ना!"

आता ते लांब औरंगाबादेला कारखान्याच्या गेटावर राखणीला असतात. छबूनं मला मोबाईल दिला हाय. भावजींचा फोन आला की ते एवढंच म्हनतात, "वैनी, आयका," आन् फोन मशीनीच्या दिशेला धरतात. आत काय चालतं मला ठाव न्हाई. मी फोन कानाला लावून बसते. परवा छबू माहेरी आली व्हती, तिनं इचारलं, "आई, इतक्या येळचं कोण बोलून राहिलं?"

मी म्हनले, "कोणीच न्हाई. तुझे काका हायेत."