एसटीतून दिसलं पाहिजे

जगातल्या यच्चयावत गोष्टींचे आमच्या मामांनी दोनच वर्ग केले आहेत : एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या. दुसऱ्या वर्गातल्या गोष्टी त्यांच्या मते अस्तित्वातच नसतात. हे मामा माझ्या बायकोचे, म्हणजे माझे मामेसासरे. पण मिरजगावात त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना 'पेंटरमामा' म्हणतात आणि त्याबद्दल कोणी कधी खुलासा मागितलेला नाही. उभा जन्म त्यांनी कानावर पेन्सिल खोचून हायवेकडेच्या पाट्या रंगवण्यात घालवला. रसवंती, खताचं दुकान, पंक्चरवाला, ट्रकची मागची फळी, काही सोडलं नाही. पाटी झाली की मालकाचं कौतुक ऐकायला ते थांबत नसत. सरळ स्टँडवर जात, येईल त्या एसटीत खिडकीशी बसत, आपल्याच पाटीसमोरून जात आणि पुढच्या फाट्याला उतरून चालत परत येत. जाताजाता पाटी एका दमात वाचता आली तर ठीक. नाहीतर मालक नको नको म्हणत असताना सगळी पुसून पुन्हा पहिल्यापासून. एका डॉक्टरांची पाटी त्यांनी अशी तीनदा पुसली, कारण डॉक्टरांच्या पदव्या फार लांब होत्या. चौथ्यांदा त्यांनी नुसतं 'डॉक्टर' एवढंच लिहिलं आणि वर ऐकवलं, "पोटात दुकतंय त्यो मानूस तुमच्या डिगऱ्या वाचीत बसनार हाय का?" त्या दवाखान्यात आजही गर्दी असते. डॉक्टरांचं नाव मात्र गावात फारसं कोणाला माहीत नाही.

मामांचा दुसरा नियम सहीचा. पाटी कोरी असतानाच ते उजव्या कोपऱ्यात 'पेंटरमामा, मिरजगाव' अशी सही ठोकून खाली एक लफ्फेदार रेघ ओढत आणि मग उरलेल्या जागेत गिऱ्हाइकाचं काम करत. "मागनं जागा ऱ्हात न्हाई," हे त्याचं शास्त्र. पुढे फ्लेक्स आले आणि बघता बघता हायवेवरच्या सगळ्या पाट्या उतरल्या. फ्लेक्सबद्दल मामांची रंगसंगतीची, अक्षरांची, वाढदिवसाच्या शुभेच्छुकांच्या गोल तोंडांची काही म्हणजे काही तक्रार नव्हती. "कुनी केला त्ये लिवलेलं नसतं," एवढंच ते म्हणत. त्यांची शेवटची सही पिठाच्या गिरणीच्या शटरवर उरली होती. मागच्या उन्हाळ्यात गिरणीवाल्यानं शटर बदललं. त्या दिवशी मामा जेवले नाहीत, असं मामींनी सांगितलं. मामांनी उन्हाचं कारण दिलं.

आता यात माझा संबंध कुठे आला ते सांगतो. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि सुट्टीच्या दिवशी चारचौघांसारखं झोपण्याऐवजी तीन वर्षं खपून मी मोबाईलवरचा एक कोड्याचा गेम तयार केला. नाव 'अजून दोघं'. माझं लहानपण पाथर्डीकडे गेलं. तिथला जीपवाला चौदा माणसं, दोन पोती आणि एक शेळी भरल्यावरही स्टँडवर ओरडत असतो, "अजून दोघं आली की निघालो!" गेममध्ये तेच करायचं. सगळ्यांना सरकवून, वळवून, मांडीवर घेऊन आणखी दोघांना बसवायचं. गेम झाला, पण तो मोबाईलवरच्या ज्या ऑनलाइन दुकानात ठेवायचा तिथे नखाएवढं चित्र लावावं लागतं आणि तसल्या शेकडो चित्रांतून गिऱ्हाइकाचा अंगठा भराभर सरकत असतो. माझ्या चित्रात मी जीपमधले सगळेच्या सगळे प्रवासी हसऱ्या तोंडांनी घातले होते. कारखान्यात एकाला दाखवलं, तर तो म्हणाला, "दाताच्या दवाखान्याची जाहिरात आहे का?" नखाएवढ्या चित्रापायी तीन वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडायची वेळ आली, तेव्हा बायको म्हणाली, "मामांना दाखवा की एकदा."

मामांनी मला मोबाईल धरून हायवेच्या अलीकडे उभं केलं आणि स्वतः पलीकडे जाऊन उभे राहिले. मधून दोन ट्रक, एक उसाचा ट्रॅक्टर गेला. मग पलीकडून निकाल आला, "दातं दिसत्यात!" परत आल्यावर त्यांनी मोबाईल हातात घेतला, अंगठ्यानं चित्रं वर सरकवून पाहिली आणि एकदम खूश होऊन म्हणाले, "ही तर एसटीच की, जावईबापू! मानूस बसल्या जागी आन पाट्या पळत्यात." जे शिकायला मी इंटरनेटवर महिनाभर डोकं फोडलं होतं ते हे असं रस्त्याच्या कडेला मिळालं, याचा मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर थोडा रागच आला.

नखाएवढं चित्र काढायला मात्र मामांनी साफ नकार दिला. "ल्हान काढलं की ल्हानच ऱ्हातं," म्हणत त्यांनी दाराएवढा पत्रा आणला, उजव्या कोपऱ्यात सही केली आणि मग कामाला लागले. मी शेळी घाला, पोती घाला, पुढच्या सीटवरचे तात्या घाला, असं सांगत होतो; एकेकाच्या मिशीवर मी आठवडे घालवले होते. "वाढदिवसाचा फ्लेक्स करायचाय व्हय?" एवढं एकच उत्तर मिळालं. त्यांनी पिवळ्याधमक रंगावर एक गच्च भरलेली काळी जीप काढली. तिच्यात मधोमध एकच मोकळी फट, आणि बाहेर कोंबडी काखोटीला मारलेली एक म्हातारी, बरोबर त्या फटीच्या मापाची. वर नाव. "जागा तेवढी दावा. बसवायचं बघनारा बघतो," मामा म्हणाले. मग पत्रा हायवेला एका चिंचेला टेकवून आम्ही एसटीत बसलो. चिंच मागे पडली तशी पुढच्या सीटवरची टोपलीवाली बाई आपल्या शेजारणीला म्हणाली, "अगं, म्हातारीला घ्या म्हनावं की आत! जागा हाय की!" फाट्यापर्यंत मामा खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसत होते.

मी पत्र्याचा फोटो काढून दुकानात पाठवला. मामांनी तेवढ्या अवधीत आपली सही अमेरिकेत लागणार असल्याचं स्टँडपासून दवाखान्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. आठवड्यानं दुकानाचं उत्तर आलं. चित्र छान आहे, पण त्यावर गेमच्या नावाखेरीज कसलीही अक्षरं चालत नाहीत. कोपऱ्यातला मजकूर काढावा. कंप्युटरवर ती सही पुसायला मला एक मिनिट लागलं नसतं. दोन दिवस माझा हात धजला नाही. साऱ्या हायवेवर त्यांची एकही सही उरली नव्हती आणि ही एक होती. शेवटी मी मिरजगावला गेलो आणि मान खाली घालून सांगितलं.

मामा पत्र्यापासून दहा पावलं मागे गेले आणि तिथून कोपरा बघितला. मग म्हणाले, "त्यांचं बराबर हाय. सही एसटीतून कुटं दिसती?" त्यांनी फडक्यावर टर्पेंटाइन घेतलं आणि सही पुसली, लफ्फ्यासकट. मला फार वाईट वाटलं. मामींनी चहाला हाक मारली म्हणून मी आत गेलो आणि बाहेर येऊन बघतो तर जीपच्या मागच्या शिडीला इंचभर माणूस लोंबकळत होता. एक पाय पायरीवर, एक हवेत, कानावर पेन्सिल.

"ह्ये अक्षर न्हाई ना?" मामांनी विचारलं.

"नाही. पण मामा, मोबाईलवर हा मोहरीएवढासुद्धा दिसायचा नाही."

"नसू द्या," मामा म्हणाले. सही सोडली तर एसटीतून न दिसणारी गोष्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच रंगवली होती.

नवा फोटो दुकानानं घेतला आणि गेम बरा चालला. डोक्यावर घेऊन नाचण्यासारखं काही झालं नाही. पण मागच्या महिन्यात कुठल्याशा लांबच्या देशातल्या एका बाईचा निरोप आला. तिनं सगळ्या लेव्हल सोडवल्या होत्या, आणि चित्रात मागे लोंबकळणारा तो कानावर पेन्सिल लावलेला माणूस एकाही लेव्हलमध्ये सापडत नाही, त्याला जागा कधी मिळणार, असं तिनं विचारलं होतं. मी सुट्टी टाकून मिरजगावला गेलो. मामांनी तो निरोप माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. "दिसला म्हना की कुनाला तरी," असं म्हणून त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, आणि तो बराच वेळ पुसत राहिले.

"तुमच्यासाठी एक लेव्हल करतो, मामा."

"नगं. त्या बाईंना कळवा, त्याला बसायचं न्हाई म्हनावं. पुढच्या फाट्याला उतरनार हाय त्यो."

मी तसं कळवलं. लेव्हल मात्र गुपचूप करून ठेवली आहे. तिच्यात सगळ्यांनी थोडं थोडं सरकून घेतलं की अगदी खिडकीशी एक जागा निघते. जीप खूप लांब जाते. फाटा तेवढा मी काढलेला नाही.