घागरींना बांधलेली केबल

नव्या केबलच्या प्लॅस्टिकचा वास आला की माझ्या घशाला अजून कोरड पडते. दुष्काळाचं वर्ष होतं, चिकलठाण्यात भाड्याच्या खोलीत राहायचो. नेटवर्किंगच्या परीक्षेत नापास झालो आणि रागानं सरावाची एकुलती निळी केबल अंगणात भिरकावली. घरमालकीण मावशींनी ती उचलली आणि तिच्यानं पाण्याच्या टँकरच्या रांगेतल्या आपल्या घागरींचे गळे एकमेकींना बांधले, कुणी नंबर सरकवू नये म्हणून. दुसऱ्यांदा परीक्षेला बसायची तारीख जवळ आली, तसा मी रांगेपाशी घुटमळू लागलो. मागायला जीभ रेटेना. मावशींनीच गाठ सोडली. “ने बाबा. मी बसते घागरींजवळ. पण औंदा नापास नाय व्हायचं.” डोक्यावर पदर ओढून त्या उन्हात बसल्या. खोलीत राउटरला केबल जोडताना मी खिडकीतून त्यांच्याकडं बघत होतो. पुढं पास झालो, नोकरी लागली; पण आजही केबल जोडण्याआधी मी खिडकीबाहेर बघतो, टँकर आला का.