मामांच्या डोळ्याचा फोटो

जळकोटहून मामेभावाचा फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या माझ्या दवाखान्यात एका आजींचा डोळा तपासत होते. "अप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. मी तपासणी पुरी केली, चष्म्याचा नंबर लिहून दिला आणि मग निघाले. धक्का बसला नाही. मामांना आम्ही गेली काही वर्षं थोडं थोडं गमावतच होतो...

मामा होते तोवर गावात बांधावरून भांडण लागलं की तलाठ्याच्या आधी त्यांना बोलावणं जाई. बांधावरचं तोडलेलं बोरीचं झाड कुठं होतं, नांगर कुणी आत घातला, सगळं त्यांना तोंडपाठ. दोन्ही बाजू त्यांचा शब्द मानत, आणि मामांना त्याची ऐटही होती. फक्त शेजारच्या व्यंकटकाकांशी त्यांचं स्वतःच्याच बांधावरून बिनसलेलं. तिथं मात्र आपल्या मते बांध कुठं ते काकांना सांगून मामा गप्प बसत. आपल्याच रानाची साक्ष आपण द्यायची नसते, म्हणत.

साखरेमुळं डोळे तपासायला आले, तेव्हा मी त्यांना पडद्याचा थरांसकट फोटो काढणाऱ्या यंत्रापुढं बसवलं. पट्टीला कपाळ टेकताच त्यांनी डोळे मिटले. आमच्याकडची जुनी माणसं हटकून हे करतात, देवळातली सवय. मामा, हा देव नाही, असं सांगून डोळे उघडायला लावले. फोटोत साखरेची खूण नव्हती, काचबिंदूही नव्हता, पण मज्जातंतूंचा थर वयाच्या मानानं फारच पातळ होता. डोळ्याचा पडदा म्हणजे मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा. तिथली झीज कधी कधी आतली झीज सुचवते, पण नुसत्या फोटोवरून निदान होत नाही. मामी मात्र म्हणाल्या की परवा हे बाजारातून घरची वाट चुकले. म्हणून सोलापूरला पाठवलं. तिथं विस्मरणाचाच आजार निघाला.

मी त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजी माझा शब्द आता धरायचा न्हाय?"

"आज धरायचा, मामा. पुढचं सांगता येत नाही."

"मग आत्ताच उरकाय पायजे."

त्या पावसाळ्यात त्यांनी वादाच्या प्रत्येक बांधावर दोन्ही शेजाऱ्यांना उभं करून कायमची खूण म्हणून काटेरी घायपात लावून घेतला. म्हातारा चळला, असं लोक हसत म्हणाले. लावायचा राहिला तो त्यांचा स्वतःचा बांध. पुढं एकदा त्याच रानात उभं राहून त्यांनी मला विचारलं, "हे कुणाचं रान गं?" डॉक्टर असूनही मला तिथंच रडू फुटलं.

दहाव्याला गेले तेव्हा रानाकडं चक्कर मारली. व्यंकटकाका कुदळीनं खड्डे घेत होते, शेजारी घायपाताचे कोंब पडलेले. खड्ड्यांची ओळ काकांच्याच नांगरटीत चांगली आत शिरली होती. मामेभाऊ चाचरत म्हणाला, "काका, तुमी तर बांध हिकडं आमच्या रानात धरत हुता..."

काकांनी मान वर केली नाही.

"व्हय," ते म्हणाले. "पर अप्पा हितं म्हणायचे."