मागच्या चाकातली काळी माती

दुष्काळ सरला त्या वर्षी मी परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठहून पुण्याला निघालो. दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला बैलगाडीतून एसटी स्टँडवर पोचवलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. वाटेत दादांनी तीनदा बैल थांबवले आणि खाली उतरून काठीनं चाकाची माती खरवडली. एसटी चुकेल म्हणून मी वैतागलो, तर म्हणाले, "एकाच अंगाला चिखल बसलाय. बसल्या जागी कळायलंय की! तुझ्या बुडाला काय झालंय?" निरोपाच्या वेळी इतरांचे बाप आशीर्वाद देतात, माझ्या बापानं हे विचारलं.

पुण्यात एका गॅरेजात लागलो. माझं बोलणं ऐकून सगळे हसायचे. महिनाभरानं मेस्त्रींनी बजावलं, "तुझा हात काही बसत नाही. शनिवारपर्यंत बघतो, नाहीतर गावची एसटी धर." गावात कोणत्या तोंडानं जाऊ?

त्याच आठवड्यात एका डॉक्टरांची मोटार आली. पन्नासच्या पुढे गेली की थरथरायची. मेस्त्रींनी पुढची बेअरिंग बदलली, इंजिनाखालची रबरं बदलली, तरी थरथर कायम. मी म्हणालो, "मी चालवून बघू का?" चपला काढून आत बसलो तेव्हा "देवळात आलास का रे?" म्हणून हशा पिकला. मेस्त्री शेजारी बसले. वेग वाढवला, मग गियर काढून गाडी नुसती पळू दिली. इंजिन मंदावलं तरी थरथर तशीच, म्हणजे दोष इंजिनात नव्हता. स्टिअरिंग हातात शांत होतं, म्हणजे पुढची चाकंही ठीक होती. हलत होती ती सीट. माझ्या बुडाला काहीही झालेलं नव्हतं! "मागचं चाक बघा," मी म्हणालो.

मागची चाकं उतरवली. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, बाहेरून धुताना दिसणार नाही अशी, बोटभर जाडीची काळी माती एकाच अंगाला वाळून दगड झाली होती. डॉक्टर पावसात सासुरवाडीच्या शेतापर्यंत गाडी घेऊन गेले होते. मातीवर कुणाचा संशयच गेला नाही. पुण्याची माती अशी चिकटत नाही, त्या बिचाऱ्यांचा काय दोष! माती खरवडली आणि गाडी सत्तरलाही हूं की चूं न करता पळाली.

डॉक्टरांना मेस्त्री म्हणाले, "आमच्या परभणीच्या माणसानं शोधून काढलं." आमच्या! शनिवार आला आणि गेला, मी तिथंच राहिलो. गावाकडच्यांनो, तुम्ही म्हणता पोरगं शहराचं झालं. आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, तुम्ही गावाचं नाव हळू आवाजात सांगता. मी मात्र छाती फुगवून सांगतो: पुण्यानं मला ठेवून घेतलं, ते मी परभणीचा होतो म्हणून.