वाचून दाखव, सिस्टर

“वाचून दाखव, सिस्टर,” असं म्हणत ती बादली दाराशी ठेवायची, ओले हात युनिफॉर्मला पुसायची आणि कागदाच्या पहिल्या ओळीवर बोट टेकवायची. मी अरबी वाचत, इंग्रजीत अर्थ सांगत शेवटच्या ओळीपर्यंत पोचेपर्यंत ते बोट कागदावरून हलत नसे.

अदलिया भागातल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात ती साफसफाईला यायची. केनियाची. तुम्ही आखातात राहिला असाल तर अशा बायका रोज पाहिल्या असतील, आणि माझ्यासारखंच तुम्हीही त्यांना कधी नाव विचारलं नसेल. मी श्रीवर्धनची. मदरशात शिकलेलं अरबी इथे पोटापाण्याला उपयोगी पडलं. लोक सांगतात, मी सरकारी अर्ज-तक्रारी अरबीत टाईप करते. सांगणारा खरं बोलतोय की खोटं, हे बघणं माझं काम नाही, असं मी कितीतरी वर्षं खुशाल मानत आले.

घरकाम करणाऱ्या आफ्रिकन मुली सुट्टीच्या दिवशी आपापले कागद घेऊन तिला गाठायच्या. ती त्यांना माझ्यासमोर आणून बसवायची. एकदा मी वैतागले. “अगं बाई, एवढं सगळं कशाला वाचायचं? थोडक्यात सांगते ना!”

“थोडक्यात माझ्या काकानेही सांगितलं होतं,” ती म्हणाली. तिचे वडील वारल्यावर काकाने तिच्या आईचा अंगठा घेतला होता, शाळेच्या दाखल्याचा कागद आहे म्हणून. तो जमिनीचा निघाला. आई गावच्या पंचांकडे गेली, तर त्यांनी तिलाच झापलं, बाईमाणसाला कसली आलीय जमीन?

एका शुक्रवारी तिने युगांडाची एक पोरगी आणली. तिच्या मनगटावर इस्त्रीचा डाग होता, चांगला तिकोनी. हातात पोलीस स्टेशनातून मिळालेला कागद.

“वाचून दाखव.”

मी वाचायला लागले. मालकाने केलेली तक्रार होती: मोलकरीण काही कारण नसताना घरातून पळून गेली. दुसऱ्या ओळीलाच शब्द ओळखीचे वाटले. खाली आमच्याच दुकानाचा शिक्का होता. चार दिवसांपूर्वी तो माणूस माझ्यासमोर बसून चहा पीत सांगत होता आणि मी खाली मान घालून टाईप करत होते.

“मी पळाले नाही,” पोरगी म्हणाली. “पोलिसांकडे चालत गेले. हात दाखवायला.”

मी ते टाईप केलं होतं, हे मी दोघींना सांगून टाकलं. वाटलं, आता ही मला फाडून खाणार. बादलीवालीने फक्त कागद बाजूला सारला. “आता हिचं टाईप कर. आणि वाचून दाखव.”

असा संताप आला मला! इस्त्री लावणाऱ्या त्या मेल्याचा आला आणि माझ्या या दहा बोटांचाही. मालकाचा शब्द एका चहात कागदावर उतरतो आणि या पोरीने हात दाखवला तरी तिचं म्हणणं कोणी लिहून घेत नाही? त्या दिवशी मी तिची तक्रार तीनदा वाचून दाखवली. दोन शब्द तिने बदलायला लावले, मी बदलले. पुढे पुष्कळ खेपा घालाव्या लागल्या, पण ‘पळून गेली’ हा शेरा तिच्या नावावरून निघाला आणि पोरगी ताठ मानेने युगांडाला आपल्या घरी गेली.

पण कागद वाचायला लावणारी म्हणून बादलीवालीचं नाव झालं ना, पार तिच्या साफसफाईच्या कंपनीपर्यंत! महिन्याभरात तिच्या कंपनीचा माणूस आला. “टाईप कर, ‘मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.’” खाली तिचं पूर्ण नाव. ते मला असं कळलं.

“तिने सांगितलंय असं?”

“तुला काय करायचंय? यल्ला, चल, टाईप कर.”

“नाही करणार.”

तो हसला आणि शेजारच्या दुकानात गेला. तिथे दहा मिनिटांत काम झालं.

पुढचं मला सलमाबादच्या कामगार कॅम्पमधल्या, तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलींनी सांगितलं. त्याने कागद पुढे केल्यावर तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. “वाचून दाखव. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू दे.” त्याला वाचावं लागलं. ‘स्वखुशीने’ आल्यावर सगळा कॅम्प हसला म्हणे. तिने सही केली नाही. व्हिसा रद्द व्हायचा तो झालाच. आठवड्यात तिला विमानात बसवलं. मला भेटायलाही मिळालं नाही.

परवा एक मालक घाईत होता. शेजारी त्याची नवी मोलकरीण उभी, जेमतेम विशीची. “सही कुठे करायची ते दाखव हिला,” तो म्हणाला.

मी कागद तिच्याकडे फिरवला. तिचं बोट धरून पहिल्या ओळीवर ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागले.