दिवाणजींचा आवाज

सुमनकाकूंचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेत, ॲन आर्बरच्या माझ्या खोलीत बर्फातले बूट चढवत होते. "अनघा, हे गेले गं पहाटे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि लगेच, "काहीतरी खाऊन ये. इथे आता सगळे येतील, तुझ्याकडे कोणाचं लक्ष जाणार नाही." नवरा जाऊन काही तास झाले होते आणि ही बाई माझ्या जेवणाचा विचार करत होती... मधुकाका गेल्याला आता काही आठवडे झालेत. रडणं झालं. उरलाय तो राग, आणि हा लेख मी रागाने लिहितेय हे आधीच सांगून टाकते.

काका बाबांचे कॉलेजातले मित्र. मूळचे साताऱ्याकडचे, इथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. मी पुण्याहून शिकायला आले तेव्हा ओळखीचं तेवढं एकच घर होतं. इंग्रजी माध्यमात शिकल्यामुळे मराठी माणसांत आपलं काही चुकेल म्हणून मी गप्प, आणि अमेरिकनांत उच्चार चुकेल म्हणून गप्प. पहिल्या रविवारी काकांनी मला एकच प्रश्न विचारला, "शाळेत संस्कृत होतं की फ्रेंच?" मी म्हटलं, फ्रेंच. "देव पावला! सुमन, हिचा चहा खाली बेसमेंटमध्ये पाठव."

बेसमेंटमध्ये भिंतीवर पांढरी चादर होती आणि समोर जुना प्रोजेक्टर. एक शाळा बंद पडली तेव्हा तिथलं सामान विकायला काढलं होतं, त्यात काकांना तो मिळाला, आणि त्याच्यासोबत एका फ्रेंच चित्रपटाची रिळं. तलवारी, घोडे, टोपीत पिसं, किल्ल्याचे जिने, खिडकीतून गवताच्या गाडीत उड्या. इंग्रजी अक्षरं खाली येत नव्हती आणि काकांना फ्रेंचचं अक्षर कळत नव्हतं. म्हणून त्यांनी आवाज बारीक करून सगळे संवाद मराठीत स्वतःच रचले होते. नायकाचं खरं नाव मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं, पण मी ते विसरायचं ठरवलं. आमच्यासाठी तो सर्जेराव होता. सरायवाली नागपूरची, "काऊन जी, घोडा कुठं बांधून राहिले?" म्हणणारी. आणि राजाचे कान भरणारा, लेसची कॉलर घातलेला तो सरदार म्हणजे दिवाणजी.

काकांना या सिनेमात काय दिसायचं, ते मला हळूहळू समजलं. ज्या पोरांना त्यांनी काम शिकवलं, ती एकेक करून त्यांची साहेब झाली होती. काका प्रत्येकाचं अभिनंदन करून घरी यायचे आणि खाली जाऊन प्रोजेक्टर लावायचे. "बघ, बघ," ते मला म्हणायचे, "टोपीतलं पीस वाकडं केलं एवढ्यासाठी तलवार काढली गड्याने! आणि आपण? आपण म्हणतो जाऊ दे. आपल्या अख्ख्या जातकुळीचं ब्रीदवाक्य आहे ते, जाऊ दे." या चित्रपटांत अपमान शिळा होत नाही. ज्याने केला त्याच्यासमोर जाऊन, टोपी काढून, वाकून, अगदी सभ्यपणे त्याचा जाब विचारला जातो. दिवसभर हसून मान डोलावणाऱ्या माणसाला याहून मोठं सुख कोणतं असणार...

मराठी मंडळाच्या गणपतीत जेवणाआधी हा सिनेमा दाखवायचा, असा पायंडा काकांनीच पाडला होता. इथल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात, म्हणजे जेवणाच्या हॉलमध्ये, मागे टेबलावर प्रोजेक्टर, हातात माइक, आणि सगळ्या माणसांचे आवाज ते एकटे काढायचे. दर वर्षी सिनेमा तोच, संवाद नवे. कोणाची गाडी कुठे घसरली, कोणाच्या श्रीखंडात आंबटपणा राहिला, सगळं सर्जेरावांच्या तोंडी यायचं. मी शेजारी बसून रिळं बदलायचे. आणि एका वर्षी काकांनी मंडळाच्या अध्यक्षांचा आवाज दिवाणजींना दिला.

अध्यक्ष डॉक्टर आहेत. नाव लिहीत नाही, वाचतील तेव्हा त्यांना कळेलच. त्यांची बोलण्याची एक पद्धत आहे. घसा खाकरायचा, चष्मा वर सरकवायचा आणि म्हणायचं, "तत्त्वतः माझी काहीच हरकत नाही, पण..." पडद्यावर दिवाणजींनी सर्जेरावांना बेड्या घातल्या आणि काका माइकवर खाकरले. "सर्जेराव, तुम्हाला जिवंत ठेवायला तत्त्वतः माझी काहीच हरकत नाही, पण..." हॉल इतका हसला की पुढचं ऐकूच आलं नाही. तेवढ्यात दिवे लागले. डॉक्टर भिंतीवरच्या बटणापाशी उभे होते. "जेवण गार होतंय," ते म्हणाले. पुढच्या मीटिंगमध्ये ठराव झाला: यापुढे फक्त भारतीय चित्रपट, व्हीसीआरवर. फ्रेंच सिनेमाचा आपल्या संस्कृतीशी संबंध काय? त्याच गणपतीत मुलींनी चकचकीत पँट घालून डिस्को केला होता, त्याचा संबंध कोणी विचारला नाही.

इथपर्यंत मीही जाऊ दे म्हटलं असतं. पण मागच्या उन्हाळ्यात काकांच्या घशाच्या कॅन्सरचं निदान झालं. ऑपरेशननंतर आवाज राहणार नव्हता. काका मला सोबत घेऊन डॉक्टरांच्या घरी गेले. "एकदाच, या गणपतीत," ते म्हणाले. "शेवटचं रीळ फक्त. नंतर मला बोलता यायचं नाही." डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "तत्त्वतः माझी काहीच हरकत नाही मधुकर, पण कार्यक्रम छापून झालाय. आणि तब्येतीचं असं भांडवल करू नये." ते स्वतः डॉक्टर आहेत. काकांच्या गळ्याला काय होणार हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. काकांनी समोरचा चिवडा संपवला, थँक्यू म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. घर येईपर्यंत बोलले नाहीत. ज्या माणसाचे बोलण्याचे शेवटचे दिवस चालले होते, त्याचा अख्खा एक तास या डॉक्टरांनी गिळला... हे मी विसरणार नाही.

ऑपरेशननंतर रविवारी दुपारी काका प्रोजेक्टर लावायचे आणि माझ्या हातात माइक द्यायचे. मी बोलायचे, ते ओठ हलवायचे. चुकलं की टेबलावर टकटक. पायऱ्यांवर बसून काकू भाजी निवडायच्या. "अगं, शिवी जरा नीट दे! शाळेची प्रार्थना म्हणतेयस का?" काका हसायचे, त्या हसण्याला आता आवाज नव्हता. मूळ फ्रेंच संवादातलं एकच वाक्य त्यांनी माझ्याकडून समजून घेऊन जसंच्या तसं ठेवलं होतं. शेवटच्या झुंजीत दिवाणजींच्या हातून तलवार निसटते. सर्जेराव ती उचलून मुठीकडून त्यांच्यापुढे धरतो आणि म्हणतो, "घ्या. निःशस्त्र माणसाशी मी लढत नाही."

शोकसभा त्याच कॅफेटेरियात झाली. मी बोलत नाही, म्हणून मंडळात मागची कामं नेहमी माझ्याकडे असतात: दिवे, माइक, खुर्च्या. त्या दिवशीही ती मलाच दिली. ही त्यांची चूक. मी काकूंना आधी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "प्रोजेक्टर जड आहे, उचलताना पाठ सांभाळ."

डॉक्टरांचं भाषण सर्वांत लांब होतं. मधुकर मंडळाचा आधारस्तंभ होता, म्हणाले. त्याचा आवाज अजून कानात घुमतोय, म्हणाले. ते पहिल्या रांगेत काकूंच्या शेजारी जाऊन बसले आणि मी दिवे घालवून शेवटचं रीळ सुरू केलं.

चादरीवर किल्ल्याचा जिना उजळला. मी माइक तोंडापाशी धरला. पहिली दोन वाक्यं माझी मलाच ऐकू आली नाहीत. मग दिवाणजी जिन्यावर आले. मी घसा खाकरला. "सर्जेराव, तुमच्या शेवटच्या इच्छेला तत्त्वतः माझी काहीच हरकत नाही, पण कार्यक्रम छापून झालाय. आणि मरणाचं असं भांडवल करू नये."

आधी कोणीतरी मागे खुसकन हसलं. मग काकू हसल्या, मोठ्याने, आणि मग शोकसभेत हसावं की नाही याचा विचार कोणी केला नाही. डॉक्टर उठले नाहीत. शेजारी विधवा बसलेली असताना उठून दिवे कसे लावणार? ते तिथे बसून राहिले आणि दिवाणजी एकेक पायरी मागे हटत गेले. सर्जेरावांनी तलवार परत दिली, मी ते वाक्य म्हटलं, पुन्हा झुंज झाली, आणि दिवाणजी दगडी फरशीवर आडवे झाले.

मी दिवे लावले. माइकची वायर लांब होती. ती ओढत मी पहिल्या रांगेपर्यंत गेले आणि माइक मुठीकडून डॉक्टरांपुढे धरला. "डॉक्टरकाका, तुम्हाला काही म्हणायचंय?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माइक घेतला नाही. मी धरून उभी राहिले. हात भरून येईपर्यंत उभी राहिले. शेवटी ते खाली बघत म्हणाले, "नाही." तो शब्द माइकमधून सगळ्यांना ऐकू गेला.

बाहेर पडताना कोणीतरी मला म्हणालं, मरणानंतर वैर संपतं म्हणतात. असेल. वैर ज्याचं त्याचं संपत असेल. ते काकांचं होतंच कुठे? ते माझं आहे.

प्रोजेक्टर आता माझ्या खोलीत आहे. काकांची एक शिस्त होती. खेळ संपला की रीळ लगेच उलटं गुंडाळायचं, त्याशिवाय ताटावर बसायचं नाही. फिल्म तशीच ठेवली की खराब होते, म्हणायचे. मी ते शेवटचं रीळ अजून गुंडाळलेलं नाही. रोज त्याच्यापाशी जाते, हात लावते, आणि परत येते. गुंडाळलं की दिवाणजी उठून उभे राहणार, जिना चढून वर जाणार... काका रागावले असते. पण तूर्त तरी दिवाणजींना फरशीवर पडून राहू दे.